परक्या हाती किल्ली, इंजिनाला वेसण

टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला शुगर लँड आहे. ऊस आणि साखर यांवरून या गावाला नाव मिळालं. ‘इम्पीरियल शुगर’चा तिथला शुद्धीकरण कारखाना 2003 मध्ये बंद पडला, नाव मात्र टिकलं. 2020 च्या जनगणनेत शहराची वस्ती 1,11,026 भरली. त्यात भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत आणि मराठी घरंही आहेत. गाडीवाचून इथलं पानही हलत नाही. हायवे 6 आणि साउथवेस्ट फ्रीवे जिथं भेटतात तिथल्या टाउन स्क्वेअरमध्ये नगरपालिकेची इमारत, हॉटेलं, उपाहारगृहं आणि मुलांना बागडायला मोकळं पटांगण एकमेकांना खेटून आहेत. अशा ठिकाणी, किंवा ह्यूस्टन परिसरातल्या एखाद्या हॉटेलात लग्नाचा स्वागतसमारंभ असला की, दारात पाहुण्यांच्या गाड्या लावून देणारा व्हॅले उभा असतो. गाडी थांबते, मालक उतरतो, किल्ली एका अनोळखी तरुणाच्या हातात पडते आणि मालक मागे न बघता आत जातो. गाडी साधी असेल तर हा व्यवहार निरुपद्रवी असतो. ती सातशे अश्वशक्तीची असेल तर आपण नेमकं काय त्याच्या हाती दिलं, याचा विचार त्या अर्ध्या मिनिटात फारसं कुणी करत नाही. तो गाडी तयार करणाऱ्यांनी आधीच केलेला असतो. गाडीची ताकद तात्पुरती आखडणारी ‘व्हॅले मोड’ ही सोय त्यातूनच आली आहे. व्हॅलेची चोरी पकडण्यासाठी ती आहे, असा सर्रास समज आहे. माझ्या मते तिचं खरं काम याहून मोठं आहे आणि ते नीट समजलं तर ती वापरायची पद्धतही बदलेल.

ही कल्पना आजच्या संगणकी गाड्यांच्या आधीची आहे. शेव्हरोलेनं 1990 मध्ये कॉर्व्हेट झेडआर-1 बाजारात आणली. तिचं एलटी5 हे आठ सिलिंडरचं इंजिन लोटसच्या मदतीनं आखलेलं होतं आणि शेजारच्या ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटर इथं, बोटींची इंजिनं बनवणाऱ्या मर्क्युरी मरीनच्या कारखान्यात ते जुळवलं जाई. ताकद होती 375 अश्वशक्ती. त्या काळी हा आकडा इतका दांडगा वाटत होता की दोन आसनांच्या मध्ये एक वेगळं कुलूप बसवलं होतं. त्यात दुसरी किल्ली फिरवल्याशिवाय इंजिन पूर्ण ताकदीनं चालत नसे. आतली युक्ती पाहण्यासारखी आहे. प्रत्येक सिलिंडरला हवा घेणारे दोन व्हॉल्व्ह आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या दोन वाटा होत्या, म्हणजे एकूण सोळा. कुलूप बंद असलं की त्यांतल्या आठ वाटा मिटत आणि त्या वाटांवरचे इंधनाचे फवारेही बंद राहत. इंजिनाला अर्ध्याच नाकपुडीनं श्वास घ्यावा लागे आणि ताकद दोनशेच्या घरात येई. मालक ती छोटी किल्ली खिशात टाकून जेवायला जाई. व्हॅलेच्या हाती उरे ती चारचौघींसारखी गाडी. पुढं 1993 पासून हेच इंजिन 405 अश्वशक्तीचं झालं, तरी ते कुलूप कायम राहिलं.

आज हे काम हवेच्या वाटा मिटवून करावं लागत नाही. पूर्वी ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत एक तार जात असे. पाय जितका दाबाल तितकी झडप उघडायची. आता पेडल म्हणजे केवळ एक मागणी असते. पाय किती दाबला हे संवेदक मोजतो, संगणक त्यावरून किती टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, द्यायचा ते ठरवतो आणि हवेची झडप, ठिणगीची वेळ, इंधन हे सगळं त्या हिशोबानं हलवतो. विजेच्या गाडीत तर मोटारीला जाणारा प्रवाह आखडला की झालं. मागणी आणि पुरवठा यांच्यामध्ये संगणक बसल्यामुळे वेसण घालणं हे आता चार आकडी संकेतांकाचं काम झालं आहे. डॉजची 2015 ची चॅलेंजर हेलकॅट हे त्याचं ठळक उदाहरण. तिच्यासोबत दोन किल्ल्या मिळत: लाल किल्लीनं 707 अश्वशक्ती, काळ्या किल्लीनं 500. व्हॅले मोड ही याच्याही खालची पायरी. त्यात इंजिन मिनिटाला 4,000 फेऱ्यांवर अडतं, गाडी पहिल्या गिअरऐवजी दुसऱ्यावरून सुटते, हातानं गिअर बदलायची सोय आणि झेप घेण्याची खास तजवीज बंद होते आणि घसरण रोखणारी यंत्रणा पूर्ण जागी राहते. टेस्लाच्या व्हॅले मोडमध्ये वेग ताशी 70 मैलांवर, म्हणजे सुमारे 113 किलोमीटरवर, अडवला जातो. प्रवेगही मंद होतो, पुढची डिकी आणि समोरचा कप्पा कुलूपबंद होतो आणि नकाशातला घराचा पत्ता दिसेनासा होतो.

या यादीत एक गोष्ट नीट वेगळी काढली पाहिजे. कमाल वेग अडवणं आणि पहिला रेटा अडवणं ही दोन निराळी कामं आहेत, आणि व्हॅलेच्या बाबतीत दुसरं काम कितीतरी अधिक मोलाचं आहे. व्हॅले गाडी नेतो ती शे-दोनशे मीटर. त्यात वळणं, उतार, खांब आणि माणसं असतात. तिथं ताशी 113 ची मर्यादा काय कामाची? धोका असतो तो पहिल्या दीड सेकंदात. अनोळखी गाडी, अनोळखी पेडल, पाय थोडा जास्त पडला. चूक ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच. गाडीनं गुरुत्वाकर्षणाच्या अर्ध्या प्रवेगानं उसळी घेतली, आणि आजच्या स्पोर्ट्स कारला ते अगदी सहज जमतं, तर या दीड सेकंदात ती साडेपाच मीटर पुढं जाते आणि तिचा वेग ताशी 26 किलोमीटरच्या पुढं पोहोचतो. साडेपाच मीटर म्हणजे पार्किंगच्या एका खणाची लांबी. आता तोच प्रवेग 0.15 पट गुरुत्वावर अडवा. त्याच दीड सेकंदात गाडी जेमतेम पावणेदोन मीटर सरकते आणि वेग होतो ताशी 8 किलोमीटर, म्हणजे हळू धावणाऱ्या माणसाइतका. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून या दोन धडकांमध्ये अकरा पटींचा फरक पडतो. माणूस तोच, चूक तीच आणि प्रतिक्रियेला लागलेला वेळही तोच. एकीकडे बंपरला पोचा येतो, दुसरीकडे कुणाचा पाय मोडतो किंवा जीव जातो.

याच हिशोबानं पाहिलं तर फेऱ्यांची मर्यादा एकटी पुरेशी नाही हेही कळतं. हेलकॅटच्या इंजिनाचा कमाल टॉर्क 880 न्यूटन-मीटरच्या आसपास आहे. हवा दाबून भरणाऱ्या सुपरचार्जरमुळे त्यातला बहुतेक भाग मधल्या फेऱ्यांतच हाती येतो. नुसत्या 4,000 फेऱ्या ठरवून दिल्या आणि बाकी काही केलं नाही, तर त्या टप्प्यावर साडेचारशेच्या वर अश्वशक्ती शिल्लक राहील. म्हणून पहिला गिअर काढून घेणं महत्त्वाचं ठरतं. त्या गाडीच्या आठ गिअरच्या पेटीत पहिल्याचं गुणोत्तर 4.71 आणि दुसऱ्याचं 3.14 आहे, एवढ्यानंच चाकांवर येणारा रेटा एक-तृतीयांशानं घटतो. त्यावर संगणक इंजिनाचा पुरवठाही आखडतो. विजेच्या गाडीत तर हा मुद्दा आणखी तीव्र होतो, कारण मोटार शून्य वेगापासूनच पूर्ण टॉर्क देते. इंजिन चढायला जो क्षणभर वेळ घेतं, तो तिथं मिळत नाही. शिवाय पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, ही चाल न शिकलेल्या माणसाला गोंधळात टाकते. आणि आता ही बाब श्रीमंती छंदापुरती राहिलेली नाही. 1990 मध्ये 375 अश्वशक्तीसाठी वेगळी किल्ली लागत होती. आज टेस्ला मॉडेल 3 परफॉर्मन्समध्ये 510 अश्वशक्ती असते आणि 2023 च्या किया ईव्ही6 जीटीमध्ये ती 576 होती. या पाच माणसांच्या घरगुती गाड्या आहेत. शुगर लँडच्या एखाद्या घरासमोर मुलांच्या सायकलींशेजारी त्या उभ्या दिसल्या तर कुणाला नवल वाटणार नाही.

वेसण घालण्याऐवजी पाळत ठेवावी, हा दुसरा मार्ग एकेकाळी फार आकर्षक वाटला होता. कॉर्व्हेटच्या 2015 च्या मॉडेलमध्ये शर्यतीच्या मैदानावर चित्रण करण्यासाठी कॅमेरा आणि नोंदयंत्र होतं. त्याचाच उपयोग करून व्हॅलेनं गाडी कशी चालवली याचं चित्र, वेग, फेऱ्या, गिअर आणि गाडीतला आवाज टिपण्याची सोय कंपनीनं ऑगस्ट 2014 मध्ये मोठ्या कौतुकानं जाहीर केली. पुढच्याच महिन्यात कंपनीला विक्रेत्यांना आणि मालकांना कळवावं लागलं की ही सोय तूर्त वापरू नका, कारण माणसाच्या संमतीशिवाय त्याचा आवाज टिपणं काही राज्यांत कायद्याविरुद्ध ठरू शकतं. टेक्सासमध्ये संभाषणातल्या एकाची संमती पुरते, म्हणून इथं चिंता नाही, असं काहींना वाटेल. पण मालक तर गाडीत नसतो. व्हॅले फोनवर बोलत असेल किंवा शेजारी सहकारी बसला असेल, तर त्या संभाषणात मालक कुणीच नाही. त्यामुळे एकाचीही संमती उरत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी मूळ उणीव तशीच राहते. चित्रण घडून गेल्यावर बोलतं. कुणाला शिक्षा करायची ते सांगतं, पटांगणात धावत आलेलं मूल मात्र वाचवत नाही. वेसण कुणाची नोंद ठेवत नाही, कुणावर आळ घेत नाही आणि तरीही ती चूक लहान करून ठेवते. म्हणून पाळतीपेक्षा वेसण बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हा कष्टकरी माणसाचा अपमान आहे. रोज कितीतरी गाड्या नीट लावणाऱ्याला तुम्ही चोर समजता. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. किल्ली देताना चेहऱ्यावर संशय आणला तर तो अपमानच असतो. पण ताकद कमी करणं हे माणसाच्या शीलाविषयीचं विधान नसतं. हेलकॅटची काळी किल्ली मालक स्वतःसाठीही वापरतो. टेस्लातला मंद प्रवेगाचा पर्याय अनेक मालक स्वतःच्या रोजच्या फेरीसाठी लावून ठेवतात. पेडल चुकून दाबलं गेलं तर गाडीनं उसळी घेऊ नये, अशी यंत्रणा जपान सप्टेंबर 2028 पासून नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना सक्तीची करतो आहे. तिथं तर ही वेसण प्रत्येक चालकाला लागणार आहे. शिवाय या व्यवहारात सगळ्यांत उघडा पडलेला माणूस व्हॅलेच असतो. मालकाकडे विमा असतो, उपाहारगृहाकडे वकील असतो. ताशी ठरलेल्या पगारावर आणि हातात पडणाऱ्या टिपवर जगणाऱ्या मुलाच्या हातून लाख डॉलरची गाडी भिंतीवर गेली, तर त्याची नोकरी जाते आणि नाव खराब होतं ते वेगळंच. आठ किलोमीटरच्या वेगाची धडक त्यालाही परवडते.

दुसरा आक्षेप कायदेपंडितांचा: नुकसान झालं तर भरपाईची व्यवस्था आहे, मग यंत्रात ढवळाढवळ कशाला? व्यवस्था आहे हे खरं. टेक्सासमध्ये व्हॅले सेवा चालवणाऱ्याला विमा बाळगावा लागतो आणि मालकाच्या संमतीपलीकडे गाडी फिरवून आणणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. जपणुकीसाठी वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याला कायद्यात ‘निक्षेप’ म्हणतात. भारतातही व्हॅलेचा व्यवहार याच चौकटीत बसतो. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलातून 1998 मध्ये व्हॅलेकडे दिलेली एक मारुती झेन चोरीला गेली. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2019 मध्ये ठरवलं की ताबा घेतल्यावर काळजी घेण्याची जबाबदारी हॉटेलची असते. ‘मालकाच्या जोखमीवर’ असं पावतीवर छापलं म्हणून निष्काळजीपणा झाकला जात नाही. पण निक्षेपाचे नियम सांगणाऱ्या 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 150 फारसं कुणी वाचत नाही. वस्तू घेणाऱ्याला असाधारण धोक्यात टाकणारे तिचे ठाऊक असलेले दोष सांगणं हे देणाऱ्याचं कर्तव्य आहे, असं ते म्हणतं. सातशे अश्वशक्ती हा दोष नव्हे, आणि हे कलम टेक्सासला लागूही होत नाही. पण त्यामागचा न्याय मला सरळ वाटतो: जो धोका देणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला नाही, त्याचा भार आधी देणाऱ्यानं उचलावा. भरपाईचं म्हणाल, तर टेक्सासमधल्या सामान्य वाहनचालकाला सक्तीच्या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी 25,000 डॉलर आणि जखमी माणसामागे 30,000 डॉलर एवढंच किमान संरक्षण लागतं. अमेरिकेतला रुग्णालयाचा खर्च ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा आकडा किती अपुरा आहे हे सांगायला नको. आणि फूटपाथवरून जाणाऱ्या माणसानं या करारावर कधी सही केलेली नसते.

ताकद कमी केलेली गाडी रस्त्यावर अडकेल, हा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. ह्यूस्टन भागात फ्रीवेला समांतर धावणाऱ्या रस्त्याला लोक ‘फीडर’ म्हणतात. तिथल्या भरधाव रांगेत घुसताना पिकअप हवाच. पण व्हॅलेला बहुतेकदा फीडरवर जायचंच नसतं. दारापासून गॅरेजपर्यंतचं अंतर कापायचं असतं. आणि 0.15 पट गुरुत्वाचा प्रवेग म्हणजे काही बैलगाडी नव्हे. त्या हिशोबानं गाडी शून्यापासून शंभरला सुमारे एकोणीस सेकंदांत पोहोचते. आपल्याकडच्या 800 सीसीच्या छोट्या गाड्यांची चाल साधारण एवढीच असते, आणि त्यांनी मुंबई-पुण्याचे रस्ते वर्षानुवर्षं पार केले आहेत. खरा धोका उलट बाजूनं आहे: जेवण झाल्यावर मालक मोड न काढताच गाडी घेऊन निघतो आणि फीडरवर आल्यावर पेडल दाबून गोंधळतो. त्यावर उपाय म्हणजे निघण्याआधी पडद्यावर एक नजर टाकणं.

वेसणीला जमत नाही ते मान्य केलंच पाहिजे. खांबाला घासलेलं दार ती वाचवत नाही. तिथं नजर आणि सराव लागतो. हातानं गिअर टाकायच्या गाडीत क्लच माहीत नसलेला माणूस बसला तर तिचा फारसा उपयोग होत नाही. मिशिगनमधल्या एका विक्री केंद्रात 2020 मध्ये हेच घडलं. ग्राहकाची क्लचवाली जीप चालू करताना, ती चालवायला न शिकलेल्या 19 वर्षांच्या कामगाराच्या हातून दुसऱ्या कामगाराचा जीव गेला, आणि तिथल्या कायद्याच्या रचनेमुळे खटला जीपच्या मालकावर भरला गेला. तसंच, किल्ली द्यावी का, हा मूळ प्रश्न वेसणीनं सुटत नाही. फोर्डची ‘माय-की’ किंवा जनरल मोटर्सची ‘टीन ड्रायव्हर’ सोय परवाना मिळालेल्या तरुण मुलांसाठी आहे. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये पोर्श टायकॅनच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले आणि ती गाडी 17 वर्षांचा मुलगा चालवत होता असं पोलिसांनी म्हटलं. असल्या प्रसंगात कुठला मोड लावला होता हे विचारणं व्यर्थ आहे. तिथं कायदा सरळ आहे: अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी गेली तर मोटार वाहन कायद्याचं 2019 च्या दुरुस्तीनंतरचं कलम 199अ पालक आणि मालक यांनाच जबाबदार धरतं. वेसण ही पात्र पण अपरिचित हातांसाठी असते. स्वतः गाडी लावणं शक्य असेल तर तेच उत्तम. शुगर लँडच्या टाउन स्क्वेअरमध्ये त्यासाठी गॅरेजही आहेत. पण आजी-आजोबा सोबत असतात, ह्यूस्टनचा पाऊस आभाळ फाटल्यासारखा कोसळतो, लग्नाच्या हॉलसमोर रांग लागलेली असते, आणि मग किल्ली द्यावीच लागते.

म्हणून गाडी बनवणाऱ्यांकडे माझं मागणं आहे की व्हॅले मोडमध्ये कमाल वेगाआधी पहिला रेटा आखडावा, आवाज टिपणं मुळातून काढावं, आणि ही सोय महागड्या मॉडेलांपुरती न ठेवता साडेतीनशे अश्वशक्तीच्या वरच्या प्रत्येक गाडीत द्यावी. मालकांनी आपल्या गाडीत ती आहे का, हे आजच पुस्तिकेत पाहावं आणि संकेतांक घरच्या आणखी एकाला सांगून ठेवावा. किल्ली देताना व्हॅलेकडे पाहून एवढंच बोला: “दादा, गाडी व्हॅले मोडवर आहे, पिकअप कमी लागेल; रिव्हर्स इथं आहे.”